पाचव्या इंजेक्टरची कॅप

मर्सिडीज-बेंझचं ओएम ६१७ हे पाच सिलिंडरचं, तीन लिटरचं डिझेल इंजिन १९७८ मध्ये टर्बोचार्जर लावून ३०० एसडी या मोटारीत आलं, आणि आजही त्यातली पुष्कळ इंजिनं धावत आहेत. त्याच घराण्यातलं चार सिलिंडरचं ओएम ६१६ पुण्याच्या बजाज टेम्पोने परवान्यावर बनवलं, म्हणून आपल्या फिटरना ही मांडणी परकी नाही. या इंजिनांच्या इंजेक्टरमध्ये नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. तिथून झिरपणारं डिझेल सुईला वंगण देतं आणि बारीक रबरी पाइपांतून एका इंजेक्टरवरून दुसऱ्यावर जात रिटर्न लाइनला मिळतं. शेवटच्या इंजेक्टरचं पाइप जोडायचं एक निपल मोकळं उरतं. त्यावर छोटी रबरी कॅप असते. ती चिरली की डिझेल इंजिनावर पसरतं, होज आणि माउंटची रबरं फुगवतं.

लेथवर धातूची कॅप करून घेणं हा यावरचा चांगला उपाय आहे, पण रबरी कॅपची हुबेहूब धातूची नक्कल केली तर तो फसतो. रबर दाबलं जातं म्हणून गळती थांबते. धातू निपलवर नुसता चढवून ती थांबत नाही. म्हणून कॅपच्या आत खाच मारून ओ-रिंग बसवायची, आणि ती निपलच्या उंचवट्यामागे अडकेल अशा मापाने. चक, ड्रिल, आतली खाच, पार्टिंग: टर्नरला काम छोटं आहे, कस लागतो तो त्या खाचेच्या खोलीत. ती जास्त झाली तर ओ-रिंग दाबली जात नाही, कमी झाली तर चढवतानाच कापली जाते.

रिटर्न लाइनमध्ये दाब नगण्य असतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. हिशेब खराच त्यांच्या बाजूचा आहे: ५ मिलिमीटर व्यासावर १ बार दाब धरला तरी कॅप ढकलणारं बल २ न्यूटनच्या आसपास, म्हणजे २०० ग्रॅम वजनाएवढं. पण कॅपला खरा त्रास उष्णतेचा, कंपनाचा आणि बदललेल्या इंधनाचा आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा जुनी नायट्राइल सील आकसून गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा १० पीपीएम आहे. म्हणून ओ-रिंग नायट्राइलची नव्हे, व्हिटॉन रबराची हवी. पितळ कापायला सोपं असलं तरी बायोडिझेल मिसळणार असाल तर टाळा, कारण तांब्याच्या मिश्रधातूंमुळे ते इंधन लवकर खराब होतं. तिथे अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस बरं. रबरी कॅप स्वस्त आहे, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. जो दर काही वर्षांनी सगळे रिटर्न पाइप बदलतो, त्याने तीच लावावी. बाकीच्यांनी टर्नरकडे जाताना जुनी कॅप नव्हे, इंजेक्टर न्यावा. वर्षानुवर्षं डिझेलात राहिलेल्या रबराचं माप खरं नसतं.