‘फोटो छान आला’ : नवशिक्या छायाचित्रकाराचा प्रश्न आणि मराठीतील अभिप्रायाची भाषा

छायाचित्रणाचा छंद नव्याने लागलेली एखादी व्यक्ती नाशिकच्या रामकुंडावर पहाटे जाते, स्नानाला आलेल्या यात्रेकरूंची दहा-वीस छायाचित्रे घेते, आणि त्यांतील निवडक दोन-तीन घरच्या मंडळींना, स्नेह्यांना किंवा एखाद्या जाणकाराला दाखवून विचारते, “कसा आलाय?” बहुतेक वेळा उत्तर मिळते, “छान आलाय.” क्वचित “बरा आहे”, क्वचित “हलला वाटतं.” एवढ्यावर संभाषण संपते. विचारणाऱ्याला उत्तर मिळाले, परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रामकुंडावर उभे राहताना नेमके काय निराळे करावयाचे, हे त्याला कळलेले नसते. असे काही महिने गेले म्हणजे छंद तरी सुटतो, किंवा त्याच त्या चुकांची सवय जडते. हा प्रश्न वरवर कलाशिक्षणाचा दिसतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग भाषेचा आहे, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम, जे मागितले जाते त्याच्या नावाचाच विचार करू. मराठीत आज ‘अभिप्राय’ म्हणजे पाहणाऱ्याचे मत. संस्कृतात मात्र अभिप्राय म्हणजे हेतू, आशय. तो बोलणाऱ्याचा किंवा करणाऱ्याचा असतो. एकाच शब्दाने कर्त्याच्या मनातून निघून प्रेक्षकाच्या मनात वस्ती केली. ‘टीका’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय, असे म्हणताना टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणारे विवरण; पण “त्याने माझ्यावर टीका केली” या वाक्यात ती केवळ दोषदर्शन उरते. ‘समीक्षा’ हा शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून सिद्ध झाला असून नीट पाहणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. नवशिक्याला जे हवे असते ते या तिन्ही जुन्या अर्थांना धरून असते : त्याचे चित्र कोणी नीट पाहावे, त्यात काय घडले आहे ते उलगडून सांगावे, आणि ते त्याच्या हेतूशी ताडून पाहावे. प्रत्यक्षात त्याला या शब्दांचे आजचे अर्थ तेवढे मिळतात, म्हणजे एक तर मत किंवा दोष.

आता “छान आला” या वाक्याची रचना पाहू. मराठीत फोटो ‘काढतात’. चित्र काढणे, पाणी काढणे, काटा काढणे यांतील हेच सकर्मक क्रियापद. त्याला कर्ता लागतो. परंतु परिणामाविषयी बोलू लागताच भाषा ‘येणे’ या अकर्मक क्रियापदाकडे वळते. फोटो ‘येतो’, चांगला येतो, वाईट येतो, अंधारा येतो. जणू काढणाऱ्याचा त्यात काही संबंधच नाही. वाक्य आणखी एक पाऊल पुढे गेले की “तू या फोटोत छान आली आहेस” असे होते. येथे कर्तृपद काढणाऱ्याकडे नाही, फोटोकडेही नाही. ते फोटोतील व्यक्तीकडे गेले आहे. कौतुक झाले ते चेहऱ्याचे. रामकुंडावरील चित्राबाबत “किती सुंदर सकाळ!” असे म्हटले जाते तेव्हाही हेच घडते. सकाळ सुंदर होती, यात शंका नाही. चित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

याउलट “तू फोटो काढलास” हे वाक्य घ्यावे. परंपरागत व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर प्रयोग म्हणतात. ‘काढला’ हे रूप कर्माच्या लिंगवचनाला अनुसरते, आणि शेवटचा ‘स’ द्वितीय पुरुषी कर्त्याची खूण वाहतो. कर्ता व कृती या दोहोंचे स्मरण एकाच क्रियारूपात राहते. उपयुक्त अभिप्रायाचे व्याकरण असेच असावे लागते : “तू डावीकडचा खांब चौकटीत घेतलास, म्हणून नजर यात्रेकरूच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही.” या वाक्यात कर्ता आहे, चित्रातील स्थान आहे, आणि ‘म्हणून’ या अव्ययाने जोडलेला कार्यकारणभाव आहे. यांतील एकही घटक “छान आला” या वाक्यात नाही.

दुसरा मुद्दा ‘वाटणे’ आणि ‘दिसणे’ या क्रियापदांचा. दोहोंतही अनुभवणारा ‘मला’ या रूपात येतो. परंतु “मला उदास वाटते” हे विधान बोलणाऱ्याच्या मनाविषयी आहे, तर “मला दोन माणसे दिसतात” हे चित्राविषयी. पहिल्याची सत्यता दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही, दुसऱ्याची येते. “कसा वाटला?” असा प्रश्न विचारला की उत्तरही ‘वाटण्या’तच येणार, आणि त्याच्यापुढे नवशिका काहीच करू शकत नाही. “प्रथम नजर कोठे गेली?”, “हे चित्र कशाविषयी आहे असे दिसते?”, “कोणता भाग झाकला तर काही बिघडणार नाही?” हे प्रश्न उत्तर देणाऱ्याला पुन्हा चित्राकडे वळवतात. त्यांना उत्तर देण्यास तो छायाचित्रणातील जाणकार असलाच पाहिजे असेही नाही. घरातील आजीसुद्धा प्रथम नजर कोठे गेली हे खात्रीने सांगू शकते. पाहणाऱ्याने दिसते ते आधी सांगावे, वाटते ते नंतर, आणि करावे काय ते शेवटी, हा क्रम ठेवला तर मतालाही आधार मिळतो.

तिसरा मुद्दा शब्दांच्या व्याप्तीचा. “फोटो हलला” हा बोलीतला प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. तो सोयीचा असला तरी तीन निरनिराळ्या दोषांना एकच नाव देतो. कॅमेरा धरणारा हात हलला असेल तर घाटाच्या पायऱ्या, मंदिरे, माणसे असे सारेच अस्पष्ट होते. हात स्थिर असून स्नान करणारा हलला असेल तर पायऱ्या स्पष्ट आणि तो तेवढा पुसट दिसतो. तिसऱ्या प्रसंगी कोणीच हललेले नसते. भिंगाचा नेम चुकलेला असतो, आणि माणसाऐवजी त्याच्या मागची भिंत स्पष्ट येते. तिन्हींवर उपाय वेगळे. पहिल्यासाठी कॅमेऱ्याला आधार द्यावा, किंवा पडदा अधिक वेगाने उघडझाप करील असे पाहावे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळापासून चालत आलेला संकेत असा की ५० मिलिमीटरचे भिंग हाती धरून वापरताना सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ पडदा उघडा ठेवू नये. दुसऱ्यासाठी आधाराचा उपयोग नाही. वेग वाढवणे हाच मार्ग, नाहीतर ती पुसटता हेतुपूर्वक स्वीकारावी. तिसऱ्यासाठी वेगाचा काहीच संबंध नाही. “हलला” एवढे ऐकून नवशिक्याने तिकाटणे विकत आणले आणि दोष नेम चुकल्याचा निघाला, तर खर्च व्यर्थ जातो, आणि आपल्याला हे जमणारच नाही अशी समजूत मात्र होऊन बसते.

‘प्रकाश चुकला’ या अभिप्रायाची गत याहून बिकट आहे. पंचवटीतील काळाराम मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक ढोबळमानाने असे गृहीत धरतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे. चौकट काळ्या दगडाने भरली की यंत्र दृश्य अंधारे समजून अधिक प्रकाश आत घेते. परिणामी पाषाण राखाडी होतो, आणि पायरीवर बसलेल्या भाविकाचे पांढरे धोतर तपशील हरवून नुसता पांढरा डाग बनते. येथे प्रकाश कमी करावा लागतो. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे नेमके उलट घडते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील ही पाणथळ जागा २०२० साली रामसर यादीत समाविष्ट झाली, आणि तो मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. हिवाळ्यात तेथे पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी असते. उजळ आकाशासमोर उडणारा पक्षी चौकटीत लहान, आकाश मोठे. यंत्र दृश्य अतिप्रकाशित समजून प्रकाश कमी करते, आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती उरते. येथे प्रकाश वाढवावा लागतो. दोन्ही ठिकाणी “प्रकाश चुकला” हे विधान खरेच आहे. परंतु दिशा सांगितली नाही तर एका ठिकाणचा धडा दुसऱ्या ठिकाणी नेमका अपाय करतो.

हा सारा विचार आजच्या सोयींमुळे उद्भवला आहे असे नाही. १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. अशा मंडळांचे प्रयोजनच हे की हौशी मंडळींनी आपल्या प्रती एकमेकांपुढे ठेवाव्या आणि रीतींची देवघेव करावी. परंतु नाशिकच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रोत्साहनाने छायाचित्रणाचे प्रयोग केले, आणि पुढे गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसायही केला. चाळिशी उलटल्यावर चलच्चित्राच्या क्षेत्रात मात्र ते पुन्हा नवशिके झाले. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची भेट घेतली. कॅबोर्न यांनी धोक्याची सूचना दिली. एवढेच करून ते थांबले असते तर तो अभिप्राय ‘वाटण्या’च्या कोटीतला ठरला असता. परंतु त्यांनी फाळक्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले, आणि हेपवर्थ यांनी आपल्या चित्रनिर्मितिगृहातील कामाची रीत त्यांना प्रत्यक्ष दाखवली. मत निराशेचे असूनही मदत उपयोगाची ठरली, ती यामुळे.

परत आल्यावर फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्यापासून रोप होईपर्यंतची वाढ ठराविक अंतराने एकेक चौकट घेत महिन्याहून अधिक काळ टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा सुमारे एका मिनिटाचा चित्रपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे हे कर्ज देण्यास पुढे आले. या घटनेतील तत्त्व असे की पाहणाऱ्यांपुढे मोघम प्रश्न नव्हता. एक लहान, पूर्ण आणि तपासण्याजोगी कृती होती. ती साधली किंवा साधली नाही, एवढेच पाहावयाचे होते. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपले चित्रपटकार्य नाशिकला हलवले. आजच्या नवशिक्याने विसांऐवजी एकच चित्र पुढे ठेवून “पाषाण काळाच राहावा आणि धोतराच्या घड्या दिसाव्या, असा हेतू होता, तो कितपत साधला?” असे विचारणे हा त्याच रीतीचा छोटा अवलंब होय. येथे अभिप्राय या शब्दाचे दोन्ही अर्थ, कर्त्याचा हेतू आणि प्रेक्षकाचे मत, एकमेकांसमोर उभे राहतात.

एक अडचण सामाजिक आहे, तीही नमूद केली पाहिजे. मराठी संभाषणात समोरच्याचे मन न दुखावण्याची जबाबदारी बहुधा विशेषणावर टाकली जाते. “बरा आहे” यातील ‘बरा’ हा शब्द “बरा माणूस” म्हणताना स्तुतिवाचक असतो, तर चित्राविषयी बोलताना तो नकाराचे सौम्य रूप होतो. वडीलधाऱ्याने नवख्याला “ठीक आहे” म्हटले तर त्यात उत्तेजन आहे की उपेक्षा, हे स्वरावरूनच ओळखावे लागते. विशेषणे कमी करून क्रियापदे वाढवणे हा यावरचा उपाय. “चौकट कोंदट आहे” यापेक्षा “दोन पावले मागे सरकून पाहा” हे वाक्य अधिक नेमके असून कमी बोचते. कारण पहिले कृतीचा निकाल देते, दुसरे पुढील कृती सुचवते.

मराठीत तांत्रिक विषयांची चर्चा करता येत नाही, कारण परिभाषा अपुरी आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेवर पुष्कळ परिश्रम झाले, आणि ते आवश्यकच होते. परंतु वरील उदाहरणांत उणीव पडली ती नामांची नव्हे. भिंग, चौकट, छटा, नेम हे शब्द आहेत. फोटो, कॅमेरा, फ्लॅश हे शब्द मराठीने केव्हाच आपले केले आहेत. उणीव पडते ती वाक्यरचनेची : कर्ता लपवणारे ‘येणे’, मनात शिरून दार लावून घेणारे ‘वाटणे’, आणि तीन दोष एका शब्दात गुंडाळणारे ‘हलणे’. ही क्रियापदे सदोष आहेत असा याचा अर्थ नव्हे. स्नेह्यांच्या गप्पांत त्यांचे काम ती चोख बजावतात. शिकण्याच्या प्रसंगी मात्र त्यांच्या जोडीला दुसरी हवीत.

हे केवळ छायाचित्रणाला लागू आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या विभागांत प्रबंधाचे पहिले प्रकरण “बरे झाले आहे” या शेऱ्यासह परत येते, तेथील विद्यार्थ्याची स्थिती रामकुंडावरील त्या नवशिक्याहून फारशी निराळी नसते. प्रकरण ‘झाले’ नाही, ते कोणीतरी लिहिले आहे. काय दिसते, कोठे दिसते आणि पुढे काय करावे, हे सांगणारे एक वाक्य त्याला अशा दहा शेऱ्यांहून अधिक उपयोगी पडेल.