गोदीतला मुलगा आणि वाफेचे यंत्र

घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की एके काळी रुळांच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची धुराडी दिसत. त्यांतली पुष्कळशी आता गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारतो, "मुंबईत यंत्राचे लोखंड ओतायचे काम आपल्या माणसांच्या देखरेखीखाली केव्हा सुरू झाले असेल?" मुले टाटांचे नाव घेतात. हे उत्तर साठ-सत्तर वर्षांनी उशिराचे आहे. त्याआधी आरमाराच्या गोदीतला एक माणूस ते करून बसला होता.

त्यांचे नाव अर्देसर करसेटजी वाडिया. जन्म १८०८ सालचा. घराणे जहाजे बांधणाऱ्यांचे. मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजे इंग्रजांचे आरमार वापरीत असे. १८१७ सालचे 'ट्रिंकोमली' तर इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर उभे आहे! अशा घरातला मुलगा चौदाव्या वर्षी गोदीत कामाला लागला यात नवल नाही. नवल पुढेच आहे. घरातले सारे लाकडात रमलेले, आणि या मुलाचे मन मात्र वाफेत गुंतले. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, तेव्हा अर्देसर एकवीस वर्षांचे होते. शिडांचे दिवस भरत आले, हे डोळे उघडे असणाऱ्याला दिसत होते.

त्यांनी एका अश्वशक्तीचे यंत्र स्वतः बनवले आणि त्याने विहिरीचे पाणी वर चढवले. मोटेचे पाणी काढणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंना यातली गंमत वेगळी सांगायला नको. १८३३ साली 'इंडस' नावाची साठ टनी बोट बांधली. १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, तेव्हा गव्हर्नरसाहेब स्वतः पाहायला आले.

आता ओतकाम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर आहे. गावचा लोहार लोखंड तापवतो आणि घणाने ठोकून आकार देतो. पण आगबोटीच्या यंत्राचा पोकळ नळकांडा ठोकून कसा व्हायचा? त्यासाठी आधी लाकडाचा नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि भट्टीत वितळलेला रस त्यात ओततात. वाळूत ओल जास्त राहिली तर तिची वाफ होते, रसात पोकळ फोड राहतात, आणि तो भाग ऐन समुद्रात दगा देतो. उसाचा रस काढणाऱ्या चरकाच्या लोखंडी लाटा अशाच ओतीव असतात. लाकडाचा नमुना करायला हात सुताराचाच लागतो, आणि तो अर्देसरांकडे पिढीजात होता.

१८३९ साली ते इंग्लंडला गेले, तिथले कारखाने पाहिले, प्रवासाची रोजनिशी छापली. १८४१ साली दोन गोष्टी घडल्या. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद केले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ; दुसरे रामानुजन, तेही १९१८ साली. त्याच वर्षी कंपनी सरकारच्या मुंबईतल्या वाफेच्या कारखान्याचे आणि ओतशाळेचे ते मुख्य इंजिनिअर झाले.

इथेच खरी कसोटी होती. हाताखाली गोरे कारागीर, वर हिंदी साहेब. शहरातल्या इंग्रजी वर्तमानपत्रात कुरकुर झाली की माणूस हुशार असेल, पण गोऱ्यांवर हुकूम कसा चालवणार? आपल्या गावात नवा मास्तर आला तरी लोक असेच कुजबुजतात. इथे तर सत्ता त्यांचीच होती. अर्देसर सोळा वर्षे त्या जागेवर राहिले. १८४९ साली अमेरिकेला जाऊन त्यांनी लाकूडकामाची यंत्रे आणली. १८५१ साली 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सारे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेतले.

पोलाद मात्र त्यांच्या हातून निसटले. ते स्वस्तात करण्याची रीत बेसेमरने १८५६ साली जाहीर केली आणि अर्देसर १८५७ साली निवृत्त झाले. पुढे १८६१ पासून दोन वर्षे ते सिंधमध्ये कोटरी येथे सिंधू नदीवरच्या आगबोटींचे इंजिनिअर होते. नंतर इंग्लंडात रिचमंडला स्थायिक झाले आणि १८७७ साली तिथेच वारले. १९६९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.