दोन डोळ्यांची चढाओढ

‘ध्यानाने नुसतं मन शांत होतं, की डोळ्यांना दिसतं तेही बदलतं?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. मला माहीत असलेलं याचं सर्वांत देखणं उत्तर २००५ सालचं आहे, आणि ते बौद्ध भिक्खूंनी दिलेलं आहे.

त्याची सुरुवात मात्र इंग्लंडमधली. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली आपल्या स्टिरिओस्कोपबद्दल लिहिताना एका डोळ्यापुढे ‘एस’ आणि दुसऱ्यापुढे ‘ए’ हे अक्षर ठेवलं की काय होतं, ते नोंदवलं. दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. आधी एक दिसतं, मग दुसरं, मधेच दोघांचे तुकडे. अक्षरं जागची हलत नाहीत, डोळे दोन्ही उघडेच. बदलत राहतो तो मेंदूचा कौल, आणि ‘आता हेच दिसू दे’ म्हणून तो फारसा बधत नाही.

हीच चढाओढ घेऊन ऑलिव्हिया कार्टर आणि जॅक पेटिग्रू हे ऑस्ट्रेलियातले संशोधक भारतातल्या डोंगराळ भागात साधना करणाऱ्या ७६ तिबेटी भिक्खूंकडे गेले. पेटिग्रूंचं नाव हल्ली वटवाघळांविषयीच्या त्यांच्या वादग्रस्त सिद्धान्तापुरतंच निघतं, याची मला खंत वाटते. दोन डोळ्यांच्या प्रतिमांमधला किंचितसा फरक टिपून खोली ओळखणाऱ्या पेशी मांजराच्या मेंदूत सापडल्या, त्या १९६७ च्या शोधनिबंधावर बार्लो आणि ब्लेकमोर यांच्याबरोबर त्यांचंही नाव आहे. दोन डोळ्यांची जुळणी शोधणारा माणूस पुढे त्यांचं भांडण अभ्यासायला थेट मठांपर्यंत गेला!

भिक्खूंना खास चष्मे दिले: एका डोळ्याला आडव्या रेघा, दुसऱ्याला उभ्या. एकाच गोष्टीवर चित्त खिळवण्याचं ध्यान करताना आणि केल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना एकच चित्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकून दिसलं. करुणेच्या ध्यानाने मात्र काही फरक पडला नाही.

माझ्या मते प्रयोगाचा गाभा या दुसऱ्या निष्कर्षात आहे. ‘ध्यानाने मेंदू बदलतो’ असे मथळे छापताना कोणतं ध्यान, हे कुणी सांगत नाही. करुणेचं ध्यान कमअस्सल आहे असं नव्हे. त्याचं काम निराळं.

अर्थात चित्र किती वेळ टिकलं, हे भिक्खूंनीच सांगायचं होतं. शिवाय त्यांची साधना ५ ते ५४ वर्षांची. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही सुरुवातीला आनापान असतं, म्हणजे नाकपुड्यांपाशी श्वासावर लक्ष. पण तिथून आलेल्या नवख्या साधकालाही असंच दिसेल, असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग हवा, आणि महाराष्ट्रात तरी साधकांची वानवा नाही.