सेकंदाला हजार कोटींचा टोल

10 गिगाहर्ट्झची सूक्ष्मलहर घ्या. लांबी जेमतेम 3 सेंटीमीटर. मुंबई-पुणे धरा 150 किलोमीटर. एकीमागे एक लावल्या, तर या वाटेत 50 लाख लहरी मावतात. पहिली लहर पुण्यात पोचते अर्ध्या मिलिसेकंदात! एक्सप्रेसवेच्या नाक्यावर लहरीमागे फक्त एक रुपया टोल घ्या. सेकंदाला 1000 कोटी जमा. मिनिटाला 60 हजार कोटी. (फास्टॅग इथे हात टेकेल.)

अशा सुसाट लहरीला ‘तू जरा मागे राहा’ असं सांगणारा पुर्जा म्हणजे फेज शिफ्टर. ओळीतल्या प्रत्येक अँटेनाची लहर थोडी थोडी मागे ठेवली, की अँटेना जागची न हलता झोत वळतो. थोडी म्हणजे किती? एका लहरीचा काळ ताणून मुंबई-पुणे गाडीच्या प्रवासाएवढा, तीन तासांचा करा. मग लहरीच्या पूर्ण फेरीतला 1 अंश म्हणजे अर्धा मिनिट. आणि आपला एक सेकंद? 34 लाख वर्षांचा!

त्यात ब्रॉडबँडचा हट्ट: रुंद पट्ट्यातल्या सगळ्या वारंवारतांना फरक सारखाच हवा. तारेचा जो तुकडा 2 गिगाहर्ट्झला 90 अंश मागे टाकतो, तोच 4 ला 180 टाकतो. 1958 साली अभियंते शिफमन यांनी तारेची एक पट्टी सरळ ठेवली, दुसरी दुमडून तिच्या दोन बाजू अगदी जवळ आणल्या, आणि दोन्ही वाटांमधला फरक रुंद पट्ट्यात 90 च्या आसपास राखला. कसा, ते गणितावर सोडू. आपण मोजत राहू.

असे फेज शिफ्टर ओळीने पाहायला चला उटीला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, 1970 पासूनची रेडिओ दुर्बीण: 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद. इथली लहर ऐसपैस, 92 सेंटीमीटरची. द्विध्रुव, म्हणजे छोटे अँटेना, 1056. पुढे प्रत्येकामागे चार बिटांचा फेज शिफ्टर बसला, म्हणजे 16 स्थिती. पाच द्विध्रुवांच्या स्थितींच्या जुळण्या दहा लाखांवर. सेकंदाला एक तपासली तर बारा दिवसांत काम फत्ते. दहांच्या? जवळपास 35 हजार वर्षं. पंधरांच्या? 3600 कोटी वर्षं, आणि विश्वाचं वय आहे 1380 कोटी! अजून 1041 द्विध्रुव बाकीच आहेत. सगळ्यांचा मिळून आकडा होतो 1272 अंकी. सेकंदाला एक अंक या वेगाने तो नुसता वाचायलाच 21 मिनिटं लागतात!