पाण्याचं ओझं

पहाटे ५:३० : मालवणजवळचा किनारा. रापणीचं जाळं होडीत चढलंय. खांदे लावून होडी पाण्यात ढकलतात. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच राहतं. होडी अर्धगोल फिरत, जाळं सोडत लांबवर किनाऱ्याला लागते.

७:०० : दोन टोकांना दोन रांगा. दोर कमरेशी धरून मागे मागे पावलं टाकायची. तळहातावरचे घट्टे जुनेच, पण ओला दोर त्यांनाही सोलतो.

८:१५ : जाळं जड लागतंय, तरी कुणी हसत नाही. बांगडा असता तर पाणी खळबळलं असतं. तांडेल म्हणतो, "पाण्याचे पैसे कोण देतलो?"

८:४५ : मधली खोळ वाळूवर येते. आत जेलीफिशचा ढीग, त्यात फसलेले बांगडे आणि तारल्या. घमेल्यात एक जेलीफिश ठेवलीय. ताटाएवढी, दुधी, तिच्याखालचा घमेल्याचा गंजही दिसतो. हिच्या अंगात रक्त नाही, हृदय नाही, कल्ले नाहीत. पेशींचे दोन पातळ थर आणि मध्ये जेली. शंभरात पंच्याण्णव भाग पाणीच. प्राणवायू कातडीतूनच झिरपतो, अन्नरस पोटातून निघालेल्या नळ्यांतून अंगभर फिरतो. प्रत्येक पेशी पाण्याजवळच असते, मग रक्त वाहून नेणार काय?

९:३० : निवडणी. घमेल्यामागून घमेलं भरून जेलीफिश बाजूला. एका पोराच्या मनगटावर लाल वळ उठतात. तो समुद्राच्या पाण्यानं हात धुतो. चहाच्या टपरीवरून सोसवेल इतकं गरम पाणी येतं, त्यात हात बुडवून बसतो. तेवढा वेळ त्याचं काम शेजारचा करतो.

११:०० : मासळी विकली जाते. आधी जाळ्याचा वाटा, मग होडीचा, उरेल ते माणसांत. आज हातात येतात कालवणापुरते बांगडे आणि चहापाण्याचे पैसे.

दुपारी ४:०० : वजनानं जाळं फाटलंय. सुई, नायलॉनचा दोरा, माडाची सावली. दोऱ्याचा खर्च उद्याच्या मासळीतून वळता होणार.

६:०० : सकाळचा ढीग उन्हानं आटून वाळूवर पापुद्रे उरलेत. असे जीव ५० कोटी वर्षांपूर्वीही समुद्रात होते. किनाऱ्यावर फिरायला आलात, तर मेलेल्या जेलीफिशलाही हात लावू नका. तिच्या डंखाच्या पेशी मेल्यावरही डसतात.