दगडांचं अंतरंग – भाग ७ : चार शेजारी, सहा शेजारी

जबलपूरला मदन महालाकडे चढताना वाटेत बॅलन्सिंग रॉक लागतो. ग्रॅनाइटच्या एका शिळेवर दुसरी शिळा जेमतेम टेकलेली. २२ मे १९९७च्या पहाटेच्या भूकंपात घरं पडली, पण ही शिळा जागची हलली नाही, हे जबलपूरकर पाहुण्याला आवर्जून सांगतात.

त्या टेकडीवरचा ग्रॅनाइटचा एखादा तुकडा उन्हात धरून फिरवा. काचेसारखे कण क्वार्ट्झचे. एका विशिष्ट कोनात सपाट पृष्ठ चमकून जातं, ते फेल्डस्पारचं. पोटॅश फेल्डस्पारमध्ये पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन ऑक्सिजनशी बांधलेले असतात. अशा पदार्थाला मिश्र ऑक्साइड म्हणता येतं. पण मिश्र म्हणजे भेळ नव्हे. स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते.

फेल्डस्पारमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि ॲल्युमिनियमभोवतीही चारच. ही रचना ऐसपैस आहे, बरीच जागा मोकळी सोडणारी. १९९७च्या भूकंपाचं केंद्र जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर होतं. तिथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या जवळपास १० हजार पट, तरीही सिलिकॉनचे शेजारी चारच राहतात. सुमारे ३०० किलोमीटर खोल गेलं, की दाब एक लाख पट होतो आणि तिथे मात्र ही रचना टिकत नाही.

तिथवर कुणी जाऊ शकत नाही. म्हणून तो दाब प्रयोगशाळेत आणावा लागतो. टंगस्टन कार्बाइडचे आठ ठोकळे घ्यायचे, प्रत्येकाचा एक कोपरा छाटायचा. आठही छाटलेले कोपरे आतल्या बाजूला आले, की मधोमध अष्टफलकी पोकळी तयार होते. तिच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचा अष्टफलक, त्याच्या पोटात छोटी भट्टी आणि प्लॅटिनमच्या कुपीत मिलिमीटरभर नमुना. बाहेरून शेकडो टनांचा जोर लावून नमुना हजार अंशांच्या आसपास तापवतात. मग भट्टीचा वीजपुरवठा एकदम तोडायचा. नमुना क्षणात निवतो, अणूंना जुन्या जागी परतायला सवड मिळत नाही. दाब मात्र सावकाश, काही तास घेऊन उतरवायचा.

१९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टेड रिंगवूड आणि सहकाऱ्यांनी पोटॅश फेल्डस्पारवर लाखपट दाबाचा प्रयोग केला. घनता २.५५ वरून ३.८च्या वर गेली. क्ष-किरणांनी तपासल्यावर दिसलं, की प्रत्येक सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमभोवती आता सहा ऑक्सिजन आहेत. यात एक विलक्षण गोष्ट आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधलं अंतर दाबाखाली कमी न होता थोडं वाढलं. सहा जणांना जवळ घ्यायचं तर प्रत्येकाला किंचित दूर सरावंच लागतं. पायली हलवली की दाणे बसतात, दाणा लहान होत नाही; तसंच इथे मोकळी जागा भरली.

ही नवी मांडणी शास्त्रज्ञांच्या ओळखीची निघाली. मध्य प्रदेशाच्याच पश्चिम टोकाला, झाबुआकडच्या कजलीडोंगरीच्या खाणीत सापडलेल्या बेरियम-मँगनीजच्या काळ्या ऑक्साइडला १९०६ मध्ये लुईस फर्मर यांनी 'हॉलंडाइट' हे नाव दिलं होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून. त्यात मँगनीजभोवती सहा ऑक्सिजनांचे अष्टफलक कडेला कड लावून चौकोनी बोगदे रचतात आणि बोगद्यांत बेरियम बसतो. दाबलेल्या फेल्डस्पारमध्ये मँगनीजच्या जागी सिलिकॉन-ॲल्युमिनियम आणि बेरियमच्या जागी पोटॅशियम, एवढाच फरक.

या बोगद्यांचा उपयोगही झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिंगवूड यांनीच अणुकचरा कोंडण्यासाठी 'सिनरॉक' हा कृत्रिम खडक सुचवला. कचऱ्यातलं किरणोत्सारी सिझियम हॉलंडाइट घराण्यातल्या, टायटॅनियमच्या ऑक्साइडच्या बोगद्यांत अडकवून ठेवायचं, ही त्यामागची कल्पना.

म्हणून मदन महालला गेलात, तर वरच्या शिळेचा तोल जरूर पाहा. पण पायाजवळच्या ग्रॅनाइटमधला तो चमकणारा कणही थांबून पाहा. त्यातल्या प्रत्येक सिलिकॉनला आज चार शेजारी आहेत. तीनशे किलोमीटर खाली त्यालाच सहा असते.