भाडोत्री शौर्याची भुरळ

मारधाडीचा सिनेमा टीव्हीवर लागला की आमच्या घरी ताटातली भाजी गार होते. मुले ओरडतात आणि खरे सांगायचे तर आम्हीही पुढे सरकून बसतो. तेव्हा ‘असले सिनेमे पाहू नका’ असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण ‘द वाइल्ड गीज’ या १९७८ सालच्या इंग्रजी सिनेमाविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

लंडनचा एक धनाढ्य शेठ पन्नास भाडोत्री सैनिक आफ्रिकेत पाठवतो. तिथे कैदेत असलेला लोकनेता लिंबानी याला सोडवून आणायचे असते. रिचर्ड बर्टन त्यांचा कर्नल. रॉजर मूर, रिचर्ड हॅरिस, हार्डी क्रूगर हे साथीदार. सगळे उतारवयाकडे झुकलेले, पोटे सुटलेली. कवायतीत धापा टाकतात, तेव्हा हसू येते. नेता सुटतो. तेवढ्यात शेठ तांब्याच्या खाणींसाठी तिथल्या राजवटीशी परस्पर सौदा करतो आणि घ्यायला आलेले विमान डोळ्यांदेखत निघून जाते.

इथे हा सिनेमा कष्टकरी माणसाला पकडतो. काम होईपर्यंत पाठ थोपटणारा आणि काम होताच ओळख न देणारा मालक आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही? गिरणीला टाळे लागले तेव्हा, ठेकेदार मजुरी बुडवून पसार झाला तेव्हा आपणही असेच उभे होतो. धावपट्टीवरचे ते शिपाई क्षणभर आपल्याच पाळीतले वाटतात. ते निसटावेत म्हणून आपण श्वास रोखतो.

दुसऱ्यांदा पाहताना मात्र आम्ही मरणारांकडे पाहिले. झोपलेल्या शिपायांच्या बराकीत सायनाइडचा विषारी वायू सोडला जातो. पुढे काळ्या शिपायांच्या रांगाच्या रांगा मशीनगनपुढे पडतात. त्यांतल्या एकाचेही नाव, घर, आई आपल्याला दिसत नाही. हॅरिसचा मुलगा मात्र दूर शाळेत बापाची वाट पाहत असतो, आणि त्या पोरासाठी आपले डोळे भरून येतात. कोणासाठी रडायचे, हे सिनेमाने आधीच ठरवलेले असते.

तरीही हा सिनेमा सरसकट टाकाऊ नाही. काळ्यांचा द्वेष करणारा क्रूगर आजारी लिंबानीला पाठीवर घेऊन रान तुडवतो. पाठीवरचा नेता त्याला सांगतो की एकमेकांना माफ केल्याशिवाय आपल्या दोघांनाही भविष्य नाही. लिंबानी झालेले विन्स्टन न्त्शोना आणि त्यांचे सहकारी जॉन कानी यांनी काळ्यांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या पासबुकावर नाटक गाजवले होते. १९७६ साली ट्रान्स्कायमध्ये दोघांना अटकही झाली. सिनेमाचे चित्रीकरण झाले ते वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतच. त्यामुळे लंडनमध्ये त्याविरुद्ध निदर्शने झाली.

आणि सल्लागार कोण होता? माइक होअर. १९१९ साली कलकत्त्यात जन्मलेला, १९६४-६५ मध्ये काँगोत गोऱ्या भाडोत्री सैनिकांची तुकडी चालवलेला. सिनेमातला कर्नल त्याच्यावरूनच बेतला होता.

सिनेमा आल्यानंतर तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९८१ रोजी, हाच होअर सेशेल्स बेटांचे सरकार उलथवायला निघाला. बिअर पिणाऱ्या मंडळाचे सभासद म्हणून त्याची माणसे विमानाने उतरली. पिशव्यांत वर खेळणी, खाली बंदुका. विमानतळावरच्या तपासणीत एक बंदूक सापडली आणि गोळीबार सुरू झाला. बेत फसला. तेवढ्यात तिथे एअर इंडियाचे एक बोइंग उतरले. ते सॅलिसबरीहून मुंबईला निघाले होते. होअरच्या माणसांनी ते बळजबरीने डर्बनला नेले. त्यात घरी परतणारी माणसे होती आणि मुंबईत त्यांची वाट पाहणारीही होतीच. सुदैवाने प्रवासी सुखरूप सुटले.

दक्षिण आफ्रिकेने आधी त्यातल्या बहुतेकांना सोडून दिले. जगभर ओरड झाली तेव्हा खटला भरला. १९८२ साली होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९८५ मध्ये तो बाहेर आला आणि २०२० साली शंभर वर्षांचा होऊन डर्बनमध्ये वारला.

ही हकिकत आम्ही मुलांना जेवताना सांगितली. धाकट्याने पहिला प्रश्न केला तो विमानातल्या लोकांचा. त्यांना डर्बनला जेवायला कोणी दिले, असे त्याने विचारले.